वर्तुळातला ठिपका

सीपीआरच्या जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत
शिरगुप्पे बाई कोऱ्या कागदावर आमचं घराणं मांडतात.
पुरुष म्हणजे चौकोन. बाई म्हणजे वर्तुळ.
ज्याचं रक्त थांबत नाही, तो चौकोन काळा भरायचा.
मेला असेल तर वरून तिरकी रेघ.

पहिला काळा चौकोन माझा भाऊ, अभिनंदन.
बाईंचं पेन उचलेपर्यंत मी श्वास धरून होते.
रेघ नाही.

बाबांच्या बाजूला सगळे चौकोन कोरे,
आजोबा, पणजोबा, तीन चुलते,
तांबड्या मातीत कान मोडलेले सगळे.
'आमच्यात न्हाई हे,' बाबा खाकरले.
बाई म्हणाल्या, 'मुलाला हे वडिलांकडून येतच नाही.'
बाबांचा सुटलेला श्वास आईला ऐकू गेला.
खाण तशी माती, असं आमच्या घरात
बावीस वर्षांत कुणी मोठ्यानं म्हटलं नाही.
म्हणायची गरज नव्हती.

चार वर्षांचा अभिनंदन तालमीच्या उंबऱ्यावर पडला
तेव्हा गुडघा रात्रीत शहाळ्याएवढा झाला.
वस्तादांनी तेल चोळलं, उतरेना म्हणून आणखी जोरात चोळलं,
मायेनंच.
तेव्हापासून तो हौद्याबाहेर बसून कुस्त्या बघतो.
बघून बघून इतका शिकला की आता
जत्रेच्या मैदानात माईक त्याच्या हातात असतो:
'घिस्सा! लागला की हो घिस्सा!'
लोकांना वाटतं, जुना पैलवान असणार, लंगडतोय बघा.
बुधवारी आणि रविवारी तो स्वतःच शीर शोधतो.
फ्रिजमधली, लोण्याच्या भांड्यामागची कुपी
तळहातांत फिरवून कोमट करतो,
त्याच्या रक्तात लिहायचं राहिलेलं एक वाक्य
सुईनं आत सोडतो,
आणि गंगावेशीत दूध प्यायला जातो.

'आता आईकडचे सांगा.'
एक भाऊ, आई म्हणाली. तवनाप्पा.
दात पडला, तिसऱ्या दिवशी गेला. नऊ वर्षांचा.
काळा चौकोन. तिरकी रेघ.
बहिणी?
तीन.
बाईंनी तीन वर्तुळं काढली.
बाहेरून कुणाची तरी चप्पल करकरत गेली.
चार, आई म्हणाली.

चौथी आक्काताई. शिरोळला दिलेली.
पहिल्याचे कान टोचले, तो गेला.
दुसरा चालायला लागला, पाटावर पडला, तो गेला.
सासूनं पांढऱ्या पायाची म्हटलं,
नवऱ्यानं ट्रंकेसकट आणून सोडलं,
आणि माझ्या आजीनंसुद्धा, पोटच्या आईनं,
तिला बारशाच्या घरी कधी जाऊ दिलं नाही.
आईच्या लग्नाआधी वर्षभर वारली.
फोटो नाही.

चौथं वर्तुळ.
खाली दोन लहान काळे चौकोन, दोन रेघा.
मग वर्तुळाच्या बरोबर मधोमध एक ठिपका.
'वाहक,' शिरगुप्पे बाई म्हणाल्या.
'दोष जनुकात असतो हो, बाईत नाही.
तुमच्या आईकडून आला. तुमच्यातही आहे.'

आईनं पदराला बोट पुसलं
आणि त्या ठिपक्यावर टेकवलं,
दुसरीच्या कपाळाला कुंकू लावताना टेकवतात तसं.
'हिचं नाव खाली लिवा की.
बाकीच्यांचं नसलं तरी चालंल.'

माझं वर्तुळ अजून कोरं आहे.
नळी पुण्याला गेली, तीन आठवडे लागतील.
निम्मी शक्यता, बाई म्हणतात.
ठिपका निघाला तर करता येण्याजोगं आता पुष्कळ आहे,
त्याही म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं,
पण वर्तुळापासून इचलकरंजीच्या एका चौकोनाकडे
जायची रेघ मी पेन्सिलीनं काढायला सांगितली.

जिना उतरताना बाबा आईच्या दोन पायऱ्या मागे होते.
खाली, गाडीची किल्ली चाचपत त्यांनी विचारलं,
'दिसायला कशी होती गं ती, आक्काताई?'

आईनं मला उन्हात ओढलं, माझी हनुवटी वर केली.
'ही बघा की,' म्हणाली.